त्या दुपारची कडी

४ मार्च

टाचणे,

आपण दोघी आया आहोत, आणि जगातल्या सगळ्या आयांची जी तक्रार असते ती आपलीही आहे. मूल पडलं की लोक त्याचा गुडघा नंतर बघतात, आधी आईचं तोंड बघतात. शिस्त लावली तर बाई कडक. मोकळं सोडलं तर बाई बेफिकीर. निकाल देणाऱ्यांपैकी एकानेही आपल्या मुलाचं नाक पुसलेलं नसतं, पण आपल्या आईपणावर बोलताना त्यांची जीभ अडखळत नाही.

तू म्हणशील, झाला भोंगा सुरू. वसतिगृहात तुम्ही दोघींनी मला ते नाव दिलंत, कारण माझी कुजबुजसुद्धा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायची. तुला आम्ही टाचणी म्हणायचो, कारण तुझी चादर, तुझी वही, तुझं बोलणं, सगळंच टोचेल इतकं नीट. आणि आपल्या भांडणांत शिट्टी फुंकणारी ती पंच. पुढे ती खरोखरच शाळेत खेळ शिकवायला लागली, तू हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर बसलीस आणि मी व्यासपीठावर चढले. मुलांना वाढवावं कसं, यावर मी गावोगाव बोलते, आणि उरलेल्या वेळात रहस्यकादंबऱ्या लिहिते. नावं फार बरोबर पडली होती.

तीन वर्षं आपण बोललो नाही. माझी कादंबरी आली, तू ती एका दिवसात वाचलीस आणि फोन करून एवढंच म्हणालीस, "माझ्या मुलीच्या मोडक्या पायावर तू पुस्तक लिहिलंस." मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास.

बरोबर बोललीस. तीन मैत्रिणी, पाण्याकाठचं भाड्याचं घर, बाहेरून कडी घातलेली खोली, दुपारी नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. मी नावं बदलली, तळ्याची नदी केली. बाकी आपलीच सुट्टी होती. तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं, कारण तू नाही म्हणाली असतीस. याची लाज वाटते, हे आज प्रथमच लिहिते आहे.

पण त्या कादंबरीत तू खलनायिका नाहीस, एवढं तरी मान. दोन मैत्रिणींच्या दोन पद्धती मी समोरासमोर ठेवल्या. तुझ्या फ्रिजवर तक्ता असायचा: उठणं, दात, दूध, अभ्यास, झोप, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. माझ्या फ्रिजवर माझ्या मुलाने क्रेयॉनने काढलेला उंट होता, जो मी कधी पुसला नाही. तू माझ्या घरी आलीस की उंटाकडे बघून म्हणायचीस, "अजून इथेच चरतोय वाटतं." मी तुझ्याकडे आले की विचारायची, "शिंकायची वेळ काय ठेवली आहेस?" आपण हसायचो. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या सुट्टीसाठी आपण तिघींनी शपथेवर एक नियम केला होता, आठवतो? रोज दुपारी एकीची पाळी. जिची पाळी, तिचा कायदा. दुसरीने मध्ये पडायचं नाही, तोंड वाकडंसुद्धा करायचं नाही. त्या दुपारी पाळी तुझी होती. बाकी काय झालं ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा तुझी लेक मला भेटली. वाचनालयाच्या सभागृहात माझं भाषण होतं, तिथे आली होती. तब्येत बरी आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, मालकीण चांगली आहे म्हणाली. डावा पाय थंडीत दुखतो. तिने मला काहीतरी विचारलं आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. तुला कळवावंसं वाटलं, इतकंच.

तुझी
भोंगा


११ मार्च

टाचणे,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात एकच ओळ: "पुस्तकाचं राहू दे, तिने काय विचारलं ते लिही." औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा तू यापेक्षा जास्त लिहितेस.

लिहिते.

भाषण संपल्यावर लोक पुस्तकावर सही घ्यायला रांगेत उभे होते. ती सगळ्यात शेवटी, दुकानाचा निळा एप्रन तसाच अंगात. मी ओळखलंच नाही. पुस्तक पुढे सरकवून म्हणाली, "सही नको, मावशी. एक विचारायचंय."

"अगं तू? केवढी झालीस. विचार की."

"शेवटच्या प्रकरणात ती मुलगी कबूल करते. खिडकीच्या गजांतून हात बाहेर घालून, हँगरने तिनेच कडी काढली म्हणून. तसं का लिहिलंस?"

"कादंबरी आहे ती. कुणीतरी काढलेली दाखवायला लागते."

"पण मी नव्हती काढली. मला जाग आली तेव्हा दार उघडं होतं." ती हळू बोलत होती, एखाद्या गिऱ्हाइकाला काचेचा नंबर समजावून सांगावा तशी. "तेव्हाही हेच सांगितलं होतं. आईचा नाही बसला विश्वास. म्हणाली, मी कडी घातली होती, मी विसरत नाही. पण तू माझ्या बाजूने होतीस ना? ती ओरडायला लागली तेव्हा तूच मध्ये उभी राहिलीस."

राहिले होते, टाचणे. पण मी काय म्हणाले होते, ते तुला आठवत असेल. पोर प्लास्टरमध्ये, तू खाटेच्या पायथ्याशी, हातात खिडकीखाली सापडलेला तो वाकडा हँगर. मी म्हणाले, "ओरडू नकोस तिच्यावर. धाकात वाढलेली मुलं खोटं बोलणारच." आपण तिची बाजू घेतो आहोत असं मला तेव्हा वाटलं. तिलाही तसंच वाटलं, आणि बारा वर्षं वाटत राहिलं. प्रत्यक्षात मी तिला तुझ्याच शब्दांत खोटारडी ठरवलं होतं, फक्त गोड आवाजात.

मी तिला विचारलं, घर का सोडलंस. म्हणाली, नोव्हेंबरात एकदा दुकानात उशीर झाला, तर तू मालकिणीला फोन करून खात्री करून घेतलीस. ती चिडून म्हणाली, बारा वर्षं तपासतेस मला. तू म्हणालीस, ज्या दिवशी कडीचं कबूल करशील त्या दिवशी तपासणं बंद.

"मी काय कबूल करू, मावशी?"

मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, सभागृह रिकामं करायचंय गं, आपण सावकाश बोलू. तिने पुस्तक पिशवीत घातलं आणि पायऱ्या एकेक करत उतरली, आधी उजवा पाय, मग डावा. मी वरून बघत राहिले.

हे विचारलं तिने.

भोंगा


१८ मार्च

टाचणे,

तुझं उत्तर नाही. पंचला फोन केला, ती म्हणाली, "ती वाचतेय. थांब जरा."

कालपासून एक गोष्ट मला खाते आहे, ती सांगते. माझ्या मुलाचा काल फोन आला. तुझी लेक भेटल्याचं मी सहज त्याला बोलले. तुला माहीत आहे, त्या खोलीत तोही होता, तिच्या शेजारच्या गादीवर गाढ झोपलेला, आरडाओरडा झाला तेव्हाच उठला. तो म्हणाला, "अजून त्या हँगरवरच अडलंय का तुमचं? तो मी वाकवला होता."

"काय?"

"धनुष्य करत होतो. आदल्या दिवशी. दोरी नाही सापडली म्हणून खिडकीखाली टाकून दिला. तुला तेव्हाच सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं त्याने. खरंच सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझी ओढणी ओढून नऊ वर्षांचं पोर म्हणालं होतं, आई, हँगर माझा आहे. आणि मी म्हणाले, "मोठी माणसं बोलताहेत ना? गप्प बस." मी. 'मुलाचं प्रत्येक वाक्य पूर्ण ऐका' असं ज्या बाईच्या भाषणाच्या पत्रकावर छापलेलं असतं, ती मी.

म्हणजे तुझ्याकडचा एकमेव पुरावा पहिल्या दिवसापासून खोटा होता, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही. एवढंच नाही, कादंबरीत मी तोच हँगर उचलून मुलीच्या हातात दिला.

आता माझं ऐक. हँगर तिचा नव्हता, तर कडी तिने काढली नाही. मग राहिलं काय? तू दमलेली होतीस. आठवडाभर सगळ्यांचे कपडे तूच धूत होतीस. माणूस आहे, घालायची राहिली असेल कडी. औषधखिडकीवर तू प्रत्येक गोळी दोनदा मोजतेस, म्हणून घरी चूक होणारच नाही असं थोडंच आहे? तू एकदा म्हण तिला, की विसरले असेन मी. एवढ्याने पोर घरी येईल.

विचार कर.

भोंगा


२२ मार्च, शुक्रवार

टाचणे,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, पंचच्या हाती देते आहे. तिला मी आधी सगळं तोंडाने सांगितलं. तिने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आपल्यात मी पंच होते आणि मला दिसलं नाही. लिही तू. मी पोचवते. पण तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही." बोलू नये तिने.

तुझं दुसरं कार्ड काल आलं. "मी विसरले नव्हते. कडी घालून दार दोनदा ढकलून बघितलं होतं. तू त्या वेळी कुठे होतीस?"

हा प्रश्न बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. तू नाही, पंचने नाही, माझ्या हजारो वाचकांनीही नाही. त्यांनी कादंबरीतल्या आईवर संशय घेतला, मैत्रिणींवर घेतला, होडीवाल्यावर घेतला. गोष्ट सांगणाऱ्या बाईवर कुणी घेतला नाही. मी ती तशीच रचली होती.

मी त्या दाराबाहेर होते. कडी मी काढली.

आता सगळं सांगते, आणि सजवून सांगायची खोड आवरते. आदल्या दिवशी जेवणानंतर स्वयंपाकघरात आपलं भांडण झालं. माझा मुलगा अनवाणी धक्क्यावर गेला होता, मी हसून सोडून दिलं होतं. तू ताटं पुसत म्हणालीस, "तुझा मुलगा मोकळा नाही, बेवारस आहे." पंच म्हणाली, "पुरे." तू माझी माफी मागितलीस, मी दिली म्हटलं. दिली नव्हती. त्या एका शब्दाने मी रात्रभर तळमळत होते, कारण थोडा खरा होता.

दुसऱ्या दिवशी पंच सामान आणायला गेलेली. तू मुलांना झोपवलंस, कडी घातलीस आणि मागच्या अंगणात कपडे धुवायला गेलीस. पाण्याकाठचं घर, दोन मुलं, तू एकटी. कडी घालणं शहाणपणाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी माझ्या खोलीतून पाण्याचा तांब्या भरायला निघाले, त्या दारापुढे थांबले. आतून आवाज नव्हता. कुणी रडत नव्हतं, कुणी दार वाजवत नव्हतं. मुलांची दया आली म्हणून मी कडी काढली असं लिहिता आलं असतं, मला तसं लिहायला सहज जमतं. पण दया वगैरे काही नव्हती. मला जिंकायचं होतं. मुलं उठतील, व्हरांड्यात येऊन खेळतील, तू ओल्या हातांनी येऊन बघशील की काहीही बिघडलं नाही, आणि मी पुस्तकातून मान न काढता म्हणेन, बघ. त्या एका 'बघ'साठी मी शपथ मोडली.

आणि मग मी पहाऱ्यावर बसले का? नाही. मी खोलीत जाऊन आडवी झाले आणि मला झोप लागली. दार उघडं, समोर पाणी, आणि मी झोपले. तू बेवारस म्हणालीस ते माझ्या मुलाबद्दल होतं. तुझ्या मुलीला त्या दुपारी मी बेवारस केलं.

पुढचं तुला माहीत आहे. तिला होड्या बघायच्या होत्या. दुरुस्तीच्या शेडमध्ये रचलेल्या होड्यांवर चढली, घसरली, पाय दोन होड्यांच्या मध्ये अडकला. चार तास. आपण तिघी तळ्याच्या काठाने धावत होतो, तू पाण्यात कमरेपर्यंत उतरली होतीस. डांबर लावणाऱ्या कामगाराला ती कण्हताना ऐकू आली नसती, तर. तिला बाहेर काढलं तेव्हा तू कुणाकडे न बघता म्हणालीस, "ही कडी ज्याने काढली, त्याला मी मेले तरी माफ करणार नाही." माझ्या तोंडापर्यंत आलेलं तिथे आत गेलं. मग उद्या सांगू म्हटलं. उद्या तुला हँगर सापडला.

महिन्याभराने माझं भाषण होतं. मी उभी राहिले आणि एका मुलीची गोष्ट सांगितली, जिला आईने इतकं कोंडलं की ती खोटं बोलायला शिकली. सभागृह उठून उभं राहिलं. त्या दिवसापासून लोक मला ओळखू लागले. माझं सगळं नाव त्या पोरीच्या खोटेपणावर उभं आहे, आणि तो खोटेपणा माझा आहे. त्यानंतर खरं बोलायचं म्हणजे मला माझ्या पायाखालची फळी काढावी लागली असती. मी फळी घट्ट धरून ठेवली आणि वर कादंबरी रचली.

सोमवारच्या पत्रात मी तुलाच सुचवलं, की विसरले म्हण. सुटायचा शेवटचा मार्ग होता तो. मुलीला खोटं ठरवून बारा वर्षं काढली, मग तुला ठरवायला निघाले.

आणि अजून एक, ते सगळ्यात वाईट. काल मी सांगायचं ठरवून चष्म्याच्या दुकानात गेले. तिने माझा चष्मा मागून घेतला, काड्या सैल झाल्यात म्हणाली, छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने आवळू लागली. तुझेच हात, टाचणे. आवळून झाल्यावर दोन्ही काड्या हलवून बघितल्या. दोनदा.

मान वर न करता म्हणाली, "मावशी, मी रविवारी घरी जाणार आहे."

"अरे वा. बोलली का आई?"

"नाही. मी कबूल करणार आहे. कडी मी काढली म्हणून."

"पण तू तर..."

"मला माहितीये गं मी काय केलं नाही ते. पण आईला तेवढंच हवंय ना? देऊन टाकते. दमले मी. तुझ्या पुस्तकातली मुलगी कबूल करते आणि आई तिला जवळ घेते. मला तेवढंच आवडलं त्यातलं."

मला जे सांगायचं होतं ते इथे सांगायचं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते." चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाहेर पडले. रस्ता ओलांडेपर्यंत मला हलकं वाटत होतं. पोर घरी जाईल, तू शांत होशील, कडीचा प्रश्न कायमचा मिटेल आणि मला कुणी काही विचारणार नाही. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर मला कळलं की मला हलकं वाटतंय. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

प्रकाशकाला कळवलं आहे, कादंबरी पुन्हा छापायची नाही. पुढच्या महिन्यातल्या भाषणात कडीबद्दल मी लोकांपुढे काय बोलणार आहे, ते पंचला लिहून दिलं आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तुझ्या लेकीला तोंडावर सांगायलाही मी जाणार आहे. तुझ्या माफीची वाट बघत नाही. तू माफ करणार नाहीस असं बजावलं होतंस, आणि तू शब्द पाळतेस.

पण हे सगळं नंतर. मी कबूल केल्याने तिचं काही भागणार नाही. तिने बारा वर्षं माझ्याकडे न्याय मागितला नव्हता, तुझ्याकडे मागितला होता. रविवारी ती तुझ्या दारात येईल आणि तुझ्यासाठी, तुला हवं असलेलं, आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोलेल. आणि ते बोलून झालं की तुम्हा दोघींमध्ये ते कायमचं राहील, कारण तुला तिच्या डोळ्यांत दिसेल, तुला सगळंच दिसतं.

म्हणून, टाचणे, रविवारची वाट बघू नकोस. मला शिव्या द्यायला आयुष्य पडलं आहे. हे पत्र खाली ठेव, खिडकीवर दुसऱ्या कुणाला बसव आणि आत्ता निघ. ते दुकान सात वाजता बंद होतं. तिने तोंड उघडायच्या आधी तू बोल. तिला सांग की ती खरं बोलत होती.